दारी दावणीला म्हशी

न्हाय न्हाय, डिशची छत्री बिघडलेली न्हाय. चित्र एकदम स्वच्छ दिसतंय – तेच तर दुखणं हाय, पावणं. मला ते एकच चॅनेल घालवायचंय. घरातनं रिमोटवर? अहो, रिमोट आई उशाला घेऊन झोपत्या, म्हणून तर तुम्हास्नी गच्चीवर आणलं. जरा हळू बोला, खाली गोठ्यात हाय ती. सातच्या आत झालं पायजे, सातला ती मालिका लागत्या. मालिकेचं काय न्हाय हो, सासू-सुना भांडंनात का! तिच्या सुरवातीचं गाणं – तुम्हाला बी पाठ असंल. जुनंच गाणं हाय, लग्नात बँडवाले वाजवायचे की! आता मालिकेवाल्यांनी उचललं, कुठल्या तरी बाईकडनं परत गाऊन घेतलं आन् पुढं लावलं. चांगलं गातीया, मी न्हाय कुठं म्हणतोय?

पण ते गाणं आमच्या दादाचं. म्हंजे त्यानं लिवलं न्हाय, काय न्हाय. ज्ञानू, माझा थोरला भाऊ. धार काढताना म्हणायचा. मंगळवार पेठेतलं निम्मं गिऱ्हाईक दारात भांडी घेऊन उभं, आन् आमची चंद्री म्हस – तिला ते गाणं ऐकल्याबिगर पान्हाच फुटायचा न्हाय. खऱ्या गाण्यात 'सांजवेळ झाली सख्या, दारी तेवते समई' असं हाय. दादा म्हणायचा, 'दारी दावणीला म्हशी.' मी म्हणलं, आरं दादा, समई हाय ती, लोकं हसत्यात. तर म्हणला, "लेका गुंडू, आपल्या दारात बघ की, समई हाय का म्हस?" आन् मुद्दाम आणखी मोठ्यानं म्हणायचा.

मागच्या महिन्यात गेला. मुरगूडच्या रस्त्याला, ट्रकखाली. दुधाचे कॅन घरला आले – एकाला साधा पोचा न्हवता.

मग चंद्री कुणाला जवळ येऊ देईना. लाथा मारायची. मी गाणं म्हणलं, दादागत म्हणलं, वरडून म्हणलं – थेंब न्हाय. कासंला गाठी यायला लागल्या. आन् एक दिवस शेजारणीनं आईचं मन रमावं म्हणून टीव्ही लावला, ते गाणं लागलं, आन् चंद्रीनं कान टवकारलं, सोडलं की दूध! आई पळत आली – "ज्ञानू आला रं, ज्ञानू आला!" तवापास्नं टीव्ही खिडकीकडं तोंड करून ठेवलाय. गाणं लागलं की धार. हसा की, सगळी गल्ली हसत्या.

आन् धारंला कोण? मीच. मांडीत बादली धरून, चंद्रीच्या पोटाला डोकं लावून. उठता येत न्हाय, कान झाकता येत न्हाय, दोन्ही हात गुतलेले. रोज ती बाई गाती, आन् रोज दादाचा आवाज थोडा थोडा पुसतोय. मोबाईलमध्ये? न्हाय हो, धार काढणाऱ्या माणसाचं गाणं कोण भरून ठेवतंय! तो काय जाणार होता व्हय? जे हाय ते हितं, माझ्या डोक्यात. आता बघा, म्हणून दाखवतो – सांजवेळ झाली सख्या, दारी ते... दारी...

ऐकलासा? तोंडात तिचंच आलं. माझ्या तोंडात, पावणं!

एक चॅनेल नगं, सगळीच बंद करा. काय बघताय? सरका, मीच उपटतो वायर. ही घ्या!

...काय गं आई? टीव्ही गेला? व्हय, व्हय, बघतोय वर! – वाकून बघा की, पावणं, काय करत्या ती? टीव्हीला चापट्या मारत्या? न्हाय... हात फिरवतीया. दादा तापानं फणफणला की त्याच्या पाठीवरनं असाच फिरवायची. काय म्हणत्या? मला ऐकू आलं, तुमी सांगू नगासा.

जोडा. जोडा म्हणतोय न्हवं! मला न्हाय जमायचं ते. हां, तीच वायर, दाबून बसवा, परत निघता कामा नये.

आई, आलं का? ...आलं? बरं. बादली घे, आलोच मी.

चहा न्हाय, पावणं, काय न्हाय. तुमी जावा आता. जावा म्हणतोय की – मला धारंला बसायचंय.