काचेवरचा नंबर

बदनापूरहून निघालेल्या एसटीत उषाबाई पुढच्या सीटवरचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या. छातीतली गाठ त्यांनी पाच महिने घरात कुणालाच सांगितली नव्हती. देवळात जाऊन रेणुकाईला तेवढी सांगितली होती. पुढे जनावरांच्या डॉक्टरीणबाई मांडीवर बाटली सांभाळत बसल्या होत्या आणि शेजारचे रामराव त्यांना सोडत नव्हते.

"बाटलीत काय हाय, बाई?"

"बैलाच्या शिंगातला तुकडा. कॅन्सर वाटतोय. काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली तपासायचा."

"आता कॅन्सर हाय का न्हाई ते कॉम्प्युटर सांगतंय म्हणे?"

"त्याला अजून शिकवतेय मी. अशा तुकड्यांचे पाचशे फोटो दाखवलेत."

"बैलाचे पाचशे? आमचा लग्नातला एकच हाय! बरं, वाचंल का बैल?"

"लवकर आणला असता तर वाचला असता, काका. मालक म्हणाला, सूज आपोआप बसेल."

उषाबाई पुढे वाकल्या.

"बाई, काचेवर नाव असतंय का?"

"नाही मावशी, फक्त नंबर."

"गडीमाणूस बघतंय का कोणी?"

"मीच बघते."

"घरी कळवता?"

"कुणाच्या बैलाचं विचारताय, मावशी?"

"बैल न्हाई, बाई." उषाबाईंनी पदर घट्ट धरला. "तुमच्या बैलांमदीच माझाबी एक नंबर टाकता का?"