किंग पंच्याण्णव

...नाय, पण मी म्हणते, चुका काढायला घरात बायको असताना वेगळं सॉफ्टवेअर कामून लागतं हो माणसाला? मी काय मेले होते का? पण नाय! आमच्या सम्यकच्या पप्पांनी लॅपटॉपमधी बसवलंच. पोकरचं. व्हय, पोकर, पत्ते! वाळूजच्या कंपनीत जन्मभर क्वालिटीत होते हे. दुसऱ्यानं केलेला नट उचलायचा, फिरवून बघायचा आन् म्हणायचं, "रिजेक्ट!" त्या माणसाच्या चुका आता मशीन काढायलंय. डाव संपला की सगळे पत्ते परत मांडतं, कुठं काय खेळायला पाहिजे होतं ते तपासतं, आन् लाल अक्षरात म्हणतं, चूक!

तुम्ही म्हणाल, रिटायर माणूस, फुकटचे चिप्स, पैसा लागत नाय, खेळू द्या की. अहो, पण ह्याच पोकरपायी ह्यांनी पोराला घराबाहेर काढलं ना! सम्यक, आमचा एकुलता एक. एमपीएससीचं पुस्तक उघडं, पुस्तकात मोबाईल, मोबाईलमधी पत्ते. ह्यांनी बघितलं. "जुगारी! बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून पत्ते खेळतो? तोंड नको दाखवू मला!" पोरगं बी ह्यांचंच, नाय दाखवलं. पुण्याला गेलं, नंबर बदलला. चौदा एप्रिलला सुद्धा आलं नाय हो घरी... तेव्हा कुठं होतं हे सॉफ्टवेअर, चूक म्हणायला?

मग एक दिवस बघते तर हे स्वतःच सम्यकच्या त्या ॲपवर पोकर शिकायलेत! म्हटलं, आता हे काय नवीन? तर म्हणे, "तो तिथंच कुठंतरी खेळत असंल, रत्नमाला. कधीतरी गाठ पडंल. पडली तर बापाला काही येत नाय म्हणून हसायला नको." म्हणून ते सॉफ्टवेअर! शेजारची अपेक्षा इंजिनिअरिंगला आहे, तिनं बसवून दिलं.

आन् पडली हो गाठ! किंग पंच्याण्णव नावाचा एक जण. "अगं, सम्यकचा जन्म पंच्याण्णवचाच!" अहो, पंच्याण्णव साली घाटीच्या सरकारी दवाखान्यात काय एकटी मीच बाळंत झाले होते का? पण नाय! "बघ, हातात काही नसताना कसा रेटून चिप्स लावतो! आन् हरला की फटकन् उठून जातो. सम्यकच!" तेवढं मात्र खरं... लहानपणी भिकार-सावकार हरला की पत्ते फेकून पलंगाखाली जाऊन बसायचा, जेवायला सुद्धा निघायचा नाय.

मग काय, तो उठून जाऊ नये म्हणून हे हरायलेत! खेळ सुधारायला आणलेलं सॉफ्टवेअर, आन् माणूस मन लावून हरायलाय! हातात तीन एक्के, अहो तीन, आन् हे पत्ते टाकून मोकळे! ते सॉफ्टवेअर लालेलाल. चूक! मोठी चूक! हे म्हणतात, "बोंबलू दे त्याला."

तिथं बोलता बी येतं, पण आपल्या मनचं नाय, तयार बटणं असतात. मी म्हटलं, जेवला का विचारा. तर तसलं बटणच नाय! कसलं मेलं ते ॲप, ज्याच्यात जेवला का नाय! मग ह्यांनी 'वेल प्लेड' दाबलं. तिकडून आलं, 'थँक यू'. हे चष्मा काढून पुसत बसले... आन् खोटं कशाला सांगू, मी बी पदर लावला डोळ्याला. त्या दिवशी शिरा केला मी. मग रोज भाजी चिरायचं ताट घेऊन ह्यांच्या शेजारीच बसायला लागले.

परवा अपेक्षा आली. सॉफ्टवेअरनं त्या किंगच्या खेळाचा आख्खा अहवाल काढलेला. पोरीनं वाचला आन् तिचं तोंड उतरलं. "काका, हा माणूस नाय. दर वेळी विचार करायला तेवढाच वेळ घेतो, कधी थकत नाय. बॉट आहे. टेबल रिकामं दिसू नये म्हणून ॲपवाल्यांनीच बसवलेला."

"आन् हरल्यावर उठून जातो ते?"

"तसं शिकवलेलं असतं, काका. खरं वाटावं म्हणून."

"मग 'थँक यू'?" मीच विचारलं. पोरीनं हळूच लॅपटॉप मिटवला.

त्या दिवशी घरात कुणीच कुणाची चूक काढली नाय. भाकरी तशीच झाकून ठेवली मी.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन जाते तर काय, हे परत लॅपटॉपसमोर! पुढ्यात किंग पंच्याण्णव, ह्यांच्या हातात राजाची जोडी, आन् हे टाकून द्यायलेत! म्हटलं, "अहो, आता तर कळलं ना! जिंका की एकदा!" तर म्हणतात कसे, "हरवलं तर उठून जाईल की गं ते." आन् टाकले पत्ते. सॉफ्टवेअर म्हणतं, चूक!

आता ह्या माणसाला बोलायचं तरी काय? खुर्ची ओढली, बसले. म्हटलं, "दाबा ते वेल प्लेड." दाबलं. लगेच आलं, 'थँक यू'.

...तुम्हीच सांगा, सख्खं पोरगं तरी एवढं बोलतं का?