धाकटा ब्रेक मारणार

…आणि बसायला काय, तर टायर! तुम्हाला सांगते, एवढं थोरलं गोदाम, डोळे दिपवणारे दिवे, कानाचे पडदे फाटतील असलं गाणं लावलेलं, आणि दोन म्हाताऱ्यांना टेकायला एक खुर्ची नाही! टायर एकावर एक रचलेत, त्यावर बसा म्हणे. बसले! बसले ती मधल्या भोकातून खाली गेले ना, कंबरेपर्यंत! पाय वर, पर्स वर, चष्मा कुठल्या कुठे… आणि माझी मैत्रीण मला ओढून काढायचं सोडून काय म्हणावी? "अगं बघ ना, माझा धाकटा हेल्मेटमध्ये किती छान दिसतो!"

आता ही मैत्रीण कोण ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी भरकटली. भरकटतेच मी, पण परत येते. शर्टांच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी मशीनवर. ती कॉलर शिवायची, मी कफ. अख्खी हयात त्यात गेली. तिचा रुबाब असा, की सुपरवायझरसुद्धा तिला विचारून शिंकायचा, म्हणून सगळ्याजणी तिला राणीसरकार म्हणायचो. नवरा होता, पण दाराआडच्या छत्रीसारखा. असला काय, नसला काय. मग एक दिवस नसला. राहिले दोन मुलगे, थोरला आणि धाकटा.

या दोघांची लहानपणापासून एक खोड. भांडण झालं की शर्यत! कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पळत जायचं, दूध घेऊन यायचं, आणि जो हरेल त्यानं केर काढायचा. खोड लावली कुणी? राणीसरकारांनी! म्हणायची, "मी कुणाचीच बाजू घेत नाही बाई, ज्याचे पाय त्याची जीत." अहाहा! मी समोरच राहायची ना, मला काय माहीत नाही? थोरला पुढे निघाला, की ही खिडकीतून बोंबलायची, "अरे, बुटाची नाडी सुटलीय तुझी!" तो वाकला की धाकटा सुळ्ळकन पुढे. नाडी कधी सुटलेलीच नसायची हो! थोरल्यानं लग्न होईपर्यंत केर काढला. बायको आली तेव्हा तिला वाटलं, काय गुणाचा नवरा मिळालाय, न सांगता झाडू घेतो!

तर मध्यंतरी राणीसरकारांचा वाढदिवस. थोरला म्हणाला, "आई, यंदा तुला मज्जा दाखवतो." हिनं लगेच मला ओढलं, कारण मज्जा एकटीनं बघितली तर ती दुसरीला दिसत नाही ना! गेलो. तिथे त्या बुटक्या बुटक्या गाड्या. छप्पर नाही, दार नाही, माणूस जमिनीला घासत बसतो, लहान मुलाला टबात बसवावं तसा. विजेवर चालतात. टायरांच्या भिंतींमधून नागमोडी रस्ता, आणि त्यावरून गरागरा फिरायचं. पोहोचायचं कुठे? कुठेच नाही! जिथून निघालो तिथेच यायचं. एवढ्यासाठी हेल्मेट!

मी गेले पाणी प्यायला. हेल्मेटच्या फळीमागे तिच्या दोन्ही सुना उभ्या. मी आडोशाला, आणि माझे कान तुम्हाला माहीत आहेत, गुडघे गेले पण कान कसे शाबूत! धाकटी म्हणते, "वहिनी, ती खोली आता आमच्याकडे रिकामी नाही हो, तिथे ह्यांचं पळायचं मशीन आलंय." थोरली म्हणते, "आणि आमची सासूबाईंना ठेवायची पाळी संपली त्याचं काय गं? सकाळीच त्यांची पिशवी भरून गाडीच्या डिकीत टाकलीय मी." धाकटी म्हणते, "म्हणूनच तर! दोघा भावांनी ठरवलंय ते बरंय. होऊ दे शर्यत. जो हरेल त्यानं न्यायचं." "कायमचं?" "कायमचं!" आणि दोघींनी हेल्मेट कसं पसंत केलं, लाल का पिवळं, त्यावर बोलायला सुरुवात!

आता एखादी भली बाई असती तर हे पोटात ठेवलं असतं. एखादीनं डोळे पुसले असते. मी? मला तर उकळ्या फुटल्या! गुडघे विसरून पळत आले आणि म्हणलं, "राणीसरकार, अभिनंदन! आजच्या शर्यतीचं बक्षीस तुम्हीच! आणि तेसुद्धा हरणाऱ्याला!"

सगळं सांगितलं. सुनांचे आवाज काढून सांगितलं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणलं, आता रडेल, मग मी जरा पाठीवरून हात फिरवीन, मलाही बरं वाटेल. कुठलं काय! मान ताठ. म्हणे, "ठीक आहे. धाकटा ब्रेक मारणार."

"काय मारणार?"

"ब्रेक. मुद्दाम हरणार तो. मला घरी न्यायला. बघशील तू."

तुम्हाला सांगते, मला हसू आवरेना! म्हणलं, अगं, ज्याला जन्मभर तू जिंकवलंस, त्याला हरायचं कसं ते कुणी शिकवलंय? तर ती आपली तेच. धाकटा ब्रेक मारणार.

इतक्यात थोरला आला, हेल्मेट काखेत. आईजवळ वाकला. मला वाटलं पाया पडतोय की काय. तर हळूच म्हणतो, "आई, आज मला मध्येच हाक मारू नकोस हं." बस्स. एवढंच. आणि गेला. मी म्हणलं, "नाडी आठवते वाटतं त्याला." तर मलाच चिमटा काढला! अजून निळं आहे इथे.

वरती एक सज्जा होता, तिथून सगळा रस्ता दिसतो. तिथे एक ढेरपोट्या झेंडेवाला, तोंडात शिट्टी, हातात झेंडा, गळ्यात दोरीला अडकवलेली एक डबी. मला मेलीला नसते चौकशांचे धंदे! म्हणलं, "बाबा, हा ताईत कसला?" तो म्हणतो, "आजी, रिमोट आहे. कुणी दांडगाई केली की त्याच्या गाडीचा नंबर दाबायचा, गाडी मुंगीसारखी चालते. आणि हे लाल दाबलं की सगळ्याच मुंग्या." मी म्हणलं, "वा! आमच्या कारखान्यात असतं तर?" हसला. भला माणूस. पुढे त्याचं वाईट झालं, पण ते पुढे.

झेंडा पडला! थोरला सात नंबरच्या गाडीत, धाकटा बारा नंबरच्या. दोघांच्याच गाड्या. आणि काय चालवली म्हणून सांगू! घरी चहाचा कप नेताना ज्यांचे हात लटलटतात, ते हे वळणावर टायर जाळतायत! थोरल्याची बायको कठड्यावरून ओणवी, "दाबा! दाबा ना अहो!" धाकट्याची बायको त्याहून वरच्या पट्टीत, "सोडू नका! खोलीचा विचार करा!" खोलीचा! तुमचा कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण मी देवाशप्पथ सांगते, माणूस एवढ्या जिवावर उदार होऊन आई आणायला कधी गेला नसेल, तसे हे दोघं आई टाळायला चालले होते!

आणि राणीसरकार? ती गाड्या बघतच नव्हती. पाय बघत होती! त्या गाड्या उघड्या ना, वरून पाय स्पष्ट दिसतात. उजवा पाय वेगावर, डावा ब्रेकवर. आमचा जन्म मशीनच्या पायट्यावर गेला, पाय बघून सांगू कोण दाबतंय आणि कुणी नुसताच ठेवलाय. ही धाकट्याच्या डाव्या पायावर नजर लावून बसलेली. मांजर बिळावर बसतं तशी.

"मारला!" एकदम ओरडली. "बघ, मारला ब्रेक! तुला म्हणलं नव्हतं?"

मी म्हणलं, "अगं, तो वळणासाठी मारला. तुझ्यासाठी नाही."

पुढच्या वळणावर परत, "मारला!" परत मी, "वळण." तिसऱ्यांदा, "आता?" "वळण गं बाई, वळण!" मग सरळ रस्ता आला. लांबलचक सरळ. तिथे ब्रेकचं काहीच काम नाही, तिथे मारला तर तो आईसाठीच. मीसुद्धा हसायची थांबले, खोटं कशाला बोलू. डावा पाय… नुसता पडून होता. पाहुण्यासारखा. आणि उजवा असा दाबलेला, असा दाबलेला, की बुटाचं टोक वाकलं!

मी आपली जखमेवर मीठ चोळायला तयारच. "राणीसरकार, पाय झोपलाय वाटतं त्याचा." तरी तिची नजर त्या पायावरच. मग मात्र मला राग आला. कुणाचा? माहीत नाही. तिचाच असेल! दोन माणसांना वाढवलं, त्यातल्या एकाचा तरी डावा पाय हलू नये?

मग मी चक्कर आणली. नाटकात काम केलं नाही कधी, पण कारखान्यात सुट्टी मिळवायला महिन्यातून एकदा आणायचेच, सवय होती. "अगं आई गंऽऽ" म्हणून जी झेंडेवाल्यावर कोसळले! आता पडताना माणूस काहीतरी धरणारच ना? मी दोरी धरली. तो बिचारा, "पाणी! पाणी!" करत जिन्यावरून खाली पळाला, आणि डबी माझ्या हातात. मी लगेच बरी!

डबी तिच्या मांडीवर ठेवली. म्हणलं, "घ्या सरकार. खिडकी तुमचीच. सात दाबायचं का बारा?"

शेवटची फेरी. दोघं चाकाला चाक लावून आलेले. तिचं बोट गेलं बरं का… सातावर! थोरल्याच्या नंबरावर! त्याला मागे टाकलं की तो हरला, धाकटा सुटला, आणि ही थोरल्याच्या गळ्यात. जन्माची सवय हो, बोटालाच पाठ होतं ते! मी बघतेय, बोट सातावर टेकलंय… खालून सात नंबर येतोय, आणि त्यानं, गाडी एवढ्या वेगात असताना, एकदा मान वर करून सज्ज्याकडे बघितलं. हाक येतेय का ते बघायला. पन्नाशीचा घोडा! डोक्यावर हेल्मेट, आणि आई हाक मारेल म्हणून घाबरलेला!

तिनं बोट उचललं. आणि लाल दाबलं.

मग जी मजा झाली! दोन्ही गाड्या एकदम मुंग्या. रेघ समोर, चार हातांवर, आणि गाड्या आपल्या टुकूटुकू… टुकूटुकू… दोघं आत बसल्या बसल्या ढुंगणानं धक्के देतायत! थोरला स्टिअरिंग पुढे ढकलतोय, धाकटा हातानं जमीन वल्हवतोय! बायका वरून, "वाका पुढे! वाका!" हसून हसून माझी खरी चक्कर यायची वेळ आली. आणि रेघ ओलांडली तर दोघांनी एकदम. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोघांची नावं एकाच ओळीत.

उतरले, आणि लागले भांडायला. "माझं चाक पुढे होतं!" "तुझं नाक पुढे होतं, चाक नाही!" झेंडेवाला पाण्याचा ग्लास घेऊन मधे उभा, ते पाणी शेवटी तोच प्यायला. त्याचा मालक त्याला असा काही झापत होता की बस्स. मी दुसरीकडे बघितलं. आणि मग धाकटा काय म्हणाला ठाऊक आहे? हेल्मेटसुद्धा न काढता, "चल, पुन्हा एकदा घेऊ."

पुन्हा एकदा!

राणीसरकार जिना उतरली. एकेक पायरी, कठडा धरून. दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "पुन्हा नको. केर मीच काढते."

भांडण थांबलं. ते गाणं तेवढं चालू. थोरल्यानं मान खाली घातली, बुटाकडे बघायला लागला. नाडी बघत असेल. ही म्हणाली, "डिकीतली माझी पिशवी काढ." आणि माझ्याकडे वळून, "चल."

मी म्हणलं, "कुठे?"

"तुझ्याकडे."

आँ? मला कुणी विचारलं? माझी एक खोली, एक पलंग, एक उशी! मी तोंड उघडेपर्यंत धाकट्यानं पिशवी माझ्या हातात दिलीसुद्धा. "मावशी, चारच दिवस हं, मशीनची जागा केली की येतोच न्यायला!" हेल्मेटच्या आतून बोलत होता. तोंड दिसलं नाही, पण खांदे दिसले. असे खाली आले, कुणी बोजा उतरवून घ्यावा तसे. आणि हिनं त्याची हेल्मेटची पट्टी सैल केली. "गळ्याला काचतेय रे," म्हणे! आता बोला!

चार दिवस कधीच उलटले. थोरला येतो अधूनमधून, दारात घुटमळतो, आई बोलायला लागली की काहीतरी आठवल्यासारखा परत जातो. पण जायच्या आधी माझी खोली झाडून देतो, ते मात्र चांगलं करतो. धाकट्याचा फोन येतो, मशीनचा पट्टा तुटलाय म्हणून सांगायला. आणि इकडे राणीसरकार माझ्या पलंगावर! माझी उशी! मी जमिनीवर चटई टाकून. "चहात साखर फार." "खिडकी लाव." "तू घोरतेस." मी घोरते! भिंत हलते हिच्या घोरण्यानं, आणि मी घोरते!

शेवटी काल म्हणलं, पुरे झालं. आपण दोघी जाऊ त्या गाड्यांवर. हरेल तिनं खाली झोपायचं. तर लगेच तयार! उठून स्वेटर घालायला लागली, म्हणे सात नंबरची गाडी माझी. दया नाही, माया नाही! सकाळपासून टेबलाखाली उजवा पाय दाबून सराव करतेय, मी बघते ना.

मीही केला थोडा सराव. बसले खुर्चीवर, डोळे मिटले, सरळ रस्ता आणला डोळ्यांसमोर, ती माझ्या शेजारून चाललीय, म्हातारी, हेल्मेटमधून चष्मा घसरलेला… आणि बघते तर काय, डावा पाय! माझा मेलीचा डावा पाय आपोआप खाली!

पलंग गेला हो माझा. गेलाच.