झाकण उघडं असलेला फोटो

(जर्मनीतलं येना शहर. एका संशोधन संस्थेचं तळघर. दुपार.)

सिद्धेश : वर हॉलमध्ये खुर्च्या दोनशे मांडल्या होत्या. त्यातल्या साठेक अजून भरलेल्या आहेत. टीव्हीचे कॅमेरे दोन. दाराबाहेर सॉसेज भाजणारा एक, त्याच्यापुढे रांग. रडणारी मुलं तीन, पण त्यातलं एक सॉसेजसाठी रडतंय.

स्वराली : साठेक म्हणजे?

सिद्धेश : एकसष्ट. तू विचारणार हे माहीत होतं.

स्वराली : रॉकेट फुटून तास झाला. अजून बसलेत कशाला?

सिद्धेश : पडदा चालू आहे ना. तोच तुकडा परत परत दाखवतायत. वर जातं, जातं, जरा वाकतं आणि भडका. आता तर लोक भडक्याच्या आधीच ‘आता’ म्हणायला लागलेत.

स्वराली : आणि काय म्हणतायत?

सिद्धेश : एक बाई म्हणते, एवढ्या पैशात सगळ्या बालवाड्यांची छतं दुरुस्त झाली असती. एका शाळेतल्या मुलाने विचारलं, आत माणूस होता का. नव्हता म्हटल्यावर त्याचा विरस झाला. आणि पूर्व जर्मनीच्या काळातले एक आजोबा आहेत, ते सगळ्यांना सांगतायत, आमच्या राजवटीत असं काही फुटलं असतं तर ते फुटलंच नसतं.

स्वराली : टीव्हीवाली बाई?

सिद्धेश : ती तुलाच शोधतेय. ‘ती भारतीय मुलगी कुठे आहे’, असं दोघांना विचारून झालं तिचं. मी तिच्या समोरून आलो तर मला विचारलं, तुम्ही पण भारतीय का. म्हटलं, नाही, मी नागपूरचा.

स्वराली : सिद्धेश, मागच्या दाराने जाता येईल?

सिद्धेश : ते उघडलं की भोंगा वाजतो. जिना एकच, तो थेट तिच्या कॅमेऱ्यासमोर निघतो. शिवाय प्रोफेसर म्हणालेत ना, चार वाजता चौकशीची माणसं येणार, तोवर सेन्सरच्या गटातल्या कोणीही इमारत सोडायची नाही. तेव्हा बस. कॉफी घे. मशीनची आहे, पण गरम आहे.

स्वराली : आपला सिग्नल आधी गेला.

सिद्धेश : कशाच्या आधी?

स्वराली : रॉकेट वाकायच्या आधी. दोन सेकंद. मी खाली आल्यावर पहिल्यांदा तेच बघितलं. बाकीचे सगळे सिग्नल भडक्यापर्यंत नीट येतायत. आपला आधीच सपाट.

सिद्धेश : केबल सुटली असेल. ते इतकं हलतं, की माझ्या खोलीतलं वॉशिंग मशीन त्यापुढे ध्यानाला बसलंय म्हणायचं.

स्वराली : असेल. नसेलही.

सिद्धेश : हे बघ. आपला सेन्सर म्हणजे काय, सूर्य कुठे आहे ते बघणारा एक डोळा. रॉकेट चालवत नव्हता तो. नुसता प्रवासी होता. चाचणीत जागा होती म्हणून बसवला.

स्वराली : प्रवासी होता, पण वीज रॉकेटचीच घेत होता. त्याच्यात काही बिघडलं तर ते त्याच्यापुरतंच राहिलं असेल, असं मी लिहून देऊ शकत नाही.

सिद्धेश : तुला कोण मागतंय लिहून?

स्वराली : चार वाजता मागतील.

सिद्धेश : मग जे कागदावर आहे ते सांगायचं. जोडणी झाली, स्वच्छता तपासली, पास झाला, पाठवला. एवढंच झालंय.

स्वराली : एवढंच नाही झालं.

सिद्धेश : स्वराली, नको.

स्वराली : तूच फोटो काढलास.

सिद्धेश : मी काढला. रविवार होता, इमारतीत कुत्रं नव्हतं, आणि तू म्हणालीस, बाबांना खंडेनवमीचा एक फोटो पाठवायचाय. मला वाटलं अगरबत्ती-बिगरबत्ती लावशील, मी थांबवीन. तू लावलीस चिमूटभर हळदकुंकू. तेही सेन्सरच्या डब्याच्या बाहेरच्या बाजूला.

स्वराली : झाकण उघडं होतं.

सिद्धेश : मिनिटभर.

स्वराली : धुळीला मिनिट पुरतं. त्या खोलीत आपण केसांना टोपी घालून जातो, सिद्धेश. आणि मी तिथे कुंकवाची पुडी उघडली.

सिद्धेश : अगं, पण नंतर तपासलं ना? डब्यात ती छोटी काच ठेवतो आपण, यंत्रावर जितकी धूळ बसेल तितकी तिच्यावर बसावी म्हणून. डबा पाठवायच्या आधी ती काढली, मशीनने मोजली. किती आले कण?

स्वराली : चार.

सिद्धेश : चालतात किती?

स्वराली : पाच.

सिद्धेश : गेनाऊ, अगदी बरोबर. पास. विषय संपला.

स्वराली : मशीन रंग बघत नाही.

सिद्धेश : म्हणजे?

स्वराली : चार कण आहेत एवढंच मशीन सांगतं. कशाचे, ते नाही सांगत. कापडाचे असतील, कातडीचे असतील.

सिद्धेश : असेनात का कशाचेही. पाचच्या आत आहेत. ती काच कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, किल्ली स्वच्छता विभागाच्या फ्राऊ क्रेमरकडे आहे. कुणीही तिच्याकडे परत बघणार नाही. तुझा फेरट्राग, नोकरीचा करार, मार्चमध्ये संपतोय. तो पुढे वाढवायचा की नाही हे प्रोफेसर ठरवणार, आणि तो नाही वाढला तर व्हिसाही नाही. तीन वर्षं झाली तुला. आणि माझी अडीच, हेही जरा लक्षात घे, कारण फोटो मी काढला.

स्वराली : लक्षात आहे. म्हणूनच तासभर गप्प बसलेय. फोन वाजतोय.

सिद्धेश : फलटण?

स्वराली : बाबा. स्पीकरवर टाकते, कानाला लावला की खरखरतो. हॅलो, बाबा.

बाबा : स्वरू, जेवलीस का?

स्वराली : दुपार आहे इथे. हो, खाल्लं. सिद्धेश आहे बरोबर.

सिद्धेश : नमस्कार काका.

बाबा : नमस्कार. तुम्ही दोघांनी मन खचू द्यायचं नाही. प्रयोग फसणं हाही निष्कर्षच असतो, हे मी चौतीस वर्षं वर्गात सांगत आलो.

स्वराली : हो बाबा. तिकडे बघितलं का सगळ्यांनी?

बाबा : सगळ्यांनी म्हणजे, हॉल भरला होता. नगराध्यक्ष पहिल्या रांगेत. तो भडका दिसला तशी लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि शिपायाने लगेच पेढे वाटायला घेतले. नंतर टीव्हीवरच्या निवेदिकेचा चेहरा पडला तेव्हा उलगडा झाला. पण तोवर निम्म्यांनी पेढा तोंडात टाकलेला.

सिद्धेश : मग काय केलं?

बाबा : काय करणार? खाल्ले. पण लोकांचं तोंड लगेच फिरतं बघ. वासुदेवराव म्हणाले, अमावास्येला असली कामं करतात का. मनोरमाबाईंनी तर भर हॉलमध्ये विचारलं, गुरुजी, तुमच्या मुलीने यंत्राची पूजा तरी केली होती का? खंडेनवमीला शाळेतला कंपाससुद्धा आपण पुजतो, आणि ती तिकडे जाऊन सगळं विसरली म्हणायची.

स्वराली : बोलू द्या त्यांना.

बाबा : ते मला बोलले असते तर ऐकून घेतलं असतं. तुला बोलले. मग मी सिद्धच करून दाखवलं.

स्वराली : काय सिद्ध केलं?

बाबा : पूजा झाली होती हे. फोटो दाखवला.

स्वराली : कोणता फोटो, बाबा?

बाबा : मागे वर्तमानपत्रात तुझा आला तो नव्हे. दुसरा. तू मला एकट्याला पाठवलेला. डब्यावर कुंकू, आतलं यंत्र स्पष्ट दिसतंय, तू हात जोडलेली. वार्ताहर तिथेच बसला होता. त्याने मागितला, मी दिला. त्यांच्या इंटरनेटवरच्या अंकात आलासुद्धा. मथळा आहे, ‘जर्मनीतही खंडेनवमी’. खाली त्या संस्थेचं पूर्ण नाव.

सिद्धेश : काका, तो काढून टाकायला सांगता येईल?

बाबा : काढायचा कशाला? अरे, वासुदेवराव स्वतः जवळ येऊन म्हणाले, गुरुजी, चुकलं आमचं. आता सगळे म्हणतायत, पोरीने तिच्याकडून काही कमी ठेवलं नाही. दोष रॉकेटवाल्यांचा. कुणाच्या तरी भाच्याने ऑर्कुटवरही टाकला म्हणे.

सिद्धेश : झालं.

बाबा : काय झालं?

स्वराली : काही नाही. बाबा, त्या फोटोत झाकण उघडं आहे.

बाबा : मीच म्हणालो होतो ना, आतलं यंत्र दिसू दे. डब्याची पूजा बघून मी काय करू? शाळेतल्या तराजूचं काचेचं दार उघडूनच आपण कुंकू लावायचो. तू लहान होतीस, तुझं बोट दांडीला लागायचं, मी ओरडायचो.

स्वराली : आठवतंय.

बाबा : मग?

स्वराली : इथे उघडायचं नसतं, बाबा. त्या खोलीत बोलायचंही हळू असतं. धूळ उडू नये म्हणून.

बाबा : कुंकू म्हणजे धूळच की.

स्वराली : हो.

बाबा : किती सूक्ष्म धूळ चालत नाही?

स्वराली : डोळ्याला न दिसणारी.

बाबा : हे तुला तेव्हा माहीत होतं.

स्वराली : होतं.

बाबा : मग मला नाही म्हणायचं होतंस, स्वरू. मी विज्ञानाचा शिक्षक आहे. मला कळलं असतं.

स्वराली : तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतंत.

बाबा : ...रॉकेट त्याने गेलं का?

स्वराली : माहीत नाही. बहुतेक नाही. पण मला माहीत नाही.

बाबा : मी वार्ताहराला फोन करतो. सांगतो, फोटो जुना आहे. कॉलेजातला आहे.

स्वराली : खोटं सांगायचं नाही, बाबा.

बाबा : नाही. बरोबर आहे. मी आपलं... तुझी आई विचारतेय, नोकरीला काही होणार नाही ना?

स्वराली : तिला सांगा, संध्याकाळी फोन करते. तुम्ही जेवून घ्या.

सिद्धेश : ठेवला?

स्वराली : ठेवला.

सिद्धेश : हे बघ, अंक मराठीत आहे. इथे कोण वाचतंय मराठी?

स्वराली : फोटो मराठीत नाहीये.

सिद्धेश : टीव्हीवाल्या बाईला तो मिळायला किती वेळ लागेल?

स्वराली : संस्थेचं नाव टाकून शोधलं तर लगेच. मी आत्ता शोधला, यादीत दुसऱ्याच नंबरावर आला.

सिद्धेश : म्हणजे गप्प बसलो तर लपवलं म्हणणार, आणि सांगितलं तर केलं म्हणणार.

स्वराली : केलंच आहे.

सिद्धेश : तू फोन कुणाला लावतेयस? स्वराली. अगं, पाच मिनिटं थांब, आपण नीट शब्द ठरवू.

स्वराली : हेर प्रोफेसर? स्वराली बोलतेय, खालून. सेन्सरच्या डब्याविषयी सांगायचं होतं, चौकशीच्या आधी. ऑक्टोबरच्या एका रविवारी मी झाकण उघडलं होतं... नाही, नोंद केली नाही. उघडं असताना जवळ एक रंगीत पावडर वापरली... हळद आणि चुना, त्याने ती लाल होते... नाही, मसाला नाही. म्हणजे हळद मसालाच आहे, पण हे खायचं नव्हतं... एक धार्मिक पद्धत आहे आमच्याकडे, अवजारांची. ...हो. ...हो, फोटो आहे. सगळ्यांना दिसतोय तो आता. ...मी एकटीनेच केलं.

सिद्धेश : एकटीने नाही. सांग त्यांना. फोटो आपोआप निघत नाही.

स्वराली : ...सिद्धेश सांगतोय, तोही होता. ...समजलं. आम्ही इथेच आहोत.

सिद्धेश : ओरडले?

स्वराली : नाही. म्हणाले, काच अजून आहे ना?

सिद्धेश : बस, एवढंच?

स्वराली : फ्राऊ क्रेमर किल्ली घेऊन येतायत. काच त्याच बघणार, मायक्रोस्कोपखाली, रंगासकट. आपण दोघांनी हात लावायचा नाही, खोलीबाहेर थांबायचं. जो आकडा येईल तो अहवालात जाणार. तो गेल्यावर फेरट्रागचं बोलू, म्हणाले.

सिद्धेश : कसं म्हणाले? चांगलं की वाईट?

स्वराली : हवामान सांगावं तसं.

सिद्धेश : एकही लाल निघाला नाही तर?

स्वराली : तर मी खोली अस्वच्छ केली, एवढंच राहील.

सिद्धेश : आणि निघाला तर?

स्वराली : तर तोही सेन्सर दोन सेकंद आधी का गेला हे सांगणार नाही. यंत्र समुद्राच्या तळाशी आहे. पण तिकडे फलटणला आणि इथे वर, सगळ्यांना वाटेल की सांगितलं.

सिद्धेश : मला तर दोन्हीकडून आपणच दोषी दिसतोय. आल्या बघ. गुटेन टाग, फ्राऊ क्रेमर... बघितलंसुद्धा नाही आपल्याकडे.

स्वराली : टोपी घालतायत. आत गेल्या की काचेच्या या खिडकीतून दिसतील.

सिद्धेश : तू खिडकीशी ये की.

स्वराली : नको. मी इथेच बसते. तूच सांग.

सिद्धेश : कपाट उघडलं. काच काढली. तो डबीवरचा नंबर तपासला, दोनदा. ठेवली मायक्रोस्कोपखाली. आता वाकल्यायत. स्वराली, वर परत ‘आता’ म्हणाले लोक, ऐकलंस?

स्वराली : आवाज येत नाही इथे. काय करतायत त्या?

सिद्धेश : डोळा लावूनच आहेत. काचेचा कोपरा सरकवला. परत सरकवला. आता मान वर केली. पेन घेतलं.

स्वराली : आणि?

सिद्धेश : कागद खिडकीला लावतायत. थांब, उलटा आहे. हां.

स्वराली : वाच.

सिद्धेश : एकूण कण, चार. लाल, तीन.