चौथा ठोका

२०२३ सालची गोष्ट. खोकला झालेल्या प्रेमलताबाई बालाघाटच्या एका दवाखान्यात नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी वारासिवनीचं म्हातारं जोडपं होतं, महागू आणि कमला.

"खोकला गेला वं, पण छातीतली राइस मिल बिघडली. मधीच पट्टा सटकते," महागू कमलाला म्हणाला.

"चाळीस वर्सं माह्याकडे पाहून तं नाही सटकला!"

"डॉक्टर इचारन, एंटीबायोटिक कोणं देल्लं?"

"माह्या भावाचं नाव नका घेऊ. त्याच्या मेडिकलची बदनामी होईन."

"मंग काय सांगू? गोळ्या झाडाले लागल्या होत्या?"

"सांगा, इसरलो."

"हात ठेव इथं."

"एक, दोन, तीन... अवो, चौथा कुठं गेला?"

"तुह्या भावाच्या दुकानात."

तेवढ्यात महागूच्या नावाचा पुकारा झाला. कमलाच आधी उठली.

"डॉक्टरसाहेब, ह्या पाहा गोळ्या. माह्या भावानं देल्ल्या, बिनाचिठ्ठीच्या!"

ठोका या गोळ्यांनीच चुकतोय असं सांगून डॉक्टरांनी त्या बदलल्या आणि आठवडाभरात महागूची मिल सुरळीत चालू लागली. हे सगळं ऐकलेल्या प्रेमलताबाईंनी त्याच दिवशी घरी जाऊन डब्यातल्या जुन्या उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या. भाऊ दिवाळीपर्यंत कमलाशी बोलला नाही. भाऊबीजेला मात्र आला, आणि भाऊजींच्या छातीवर हात ठेवून चारपर्यंत मोजल्यावरच पाटावर बसला.