खडशी आल्यात, सायेब

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, खात्यातले आजी-माजी अधिकारी, कर्मचारी बंधू-भगिनी, आणि वड्यांचा वास सुटल्यापासून सारखी मागे वळून पाहणारी आमची कोपरीची शेजारमंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी मंदाकिनी टिपणीस. आज ज्यांना आपण निरोप देतोय, त्या त्र्यंबक टिपणीसांची बायको. अशा समारंभात माझं काम आजवर ठरलेलं असायचं. चांगली साडी नेसायची, नारळ घ्यायचा आणि फोटोत हसायचं. पण सत्कारमूर्तींची खुर्ची अजून रिकामी आहे, म्हणून सूत्रसंचालन करणाऱ्या सोनलनं माझ्या हातात माइक दिला. म्हणाली, "काकू, सर येईपर्यंत दोन शब्द बोला ना." दिलास खरा सोनल, आता परत घेऊन दाखव.

अध्यक्षसाहेब मघाशी म्हणाले, गाडी पत्रीपुलावर अडकली असेल. मी मान डोलावली. पण ते खरं नाही. हे आपल्या काळू नदीवरच्या बंधाऱ्यावर आहेत आणि बरगे काढतायत. राकेश, बस रे खाली. उद्यापासून ती खुर्ची तुझीच आहे, पण आजचा दिवस संपेपर्यंत बंधारा ह्यांच्या ताब्यात आहे. आणि सत्कारमूर्तींची बायको बोलत असताना व्यासपीठावरून उठून जाणं बरं दिसतं का? मोबाइलही खिशात ठेव. मान्यवरांनीही कृपया तसंच करावं.

खात्याबाहेरची मंडळी आहेत, त्यांच्यासाठी सांगते. बंधाऱ्याच्या खांबांमध्ये लोखंडी फळ्या एकीवर एक बसवतात, त्या म्हणजे बरगे. बरगे घातले की पाणी तुंबतं, ते पंप ओढतात आणि ठाण्या-डोंबिवलीच्या नळांना येतं. पावसाळ्याआधी ते काढून नदी मोकळी करायची, हा नियम. यंदा पाऊस रेंगाळला. मग वरून निरोप आला, "राहू द्या, लोकांची ओरड नको." तोंडी निरोप, बरं का. लेखी कोण देतंय!

आता नदीला रहदारी असते, हे आपल्या डोक्यातच येत नाही. घाटात पाऊस लागला, पाणी गढूळलं, की खालच्या डोहातली खडस वर निघते. पुस्तकात तिला महसीर म्हणतात. बंद्या रुपयाएवढे खवले असतात तिचे. वरच्या वाहत्या पाण्यात, गोट्यांमध्ये तिला अंडी घालायची असतात. माझं माहेर बंधाऱ्याच्या वरचं. तिथे देवळाखाली नदीचा कोंड आहे, म्हणजे खोल डोह. त्या कोंडातली खडस कुणी मारायचं नाही. बाळंतपणाला आलेल्या लेकीला कुणी हात लावतं का, असं माझी आई म्हणायची. लग्नानंतर आम्ही जोडीनं तिथे भाताची मूद सोडली, तर अख्खा कोंड पाठींनी काळा झाला. हे इंजिनिअर, घाबरून माझ्या मागे लपले. आई किती हसली होती तेव्हा!

पुढे एका वर्षी पावसानं अशीच ओढ दिली. तेव्हाही वरून तोंडी निरोप आला आणि ह्यांनी तो ऐकला. नोकरी होती, आमच्या लेकीचं, कादंबरीचं शिक्षण व्हायचं होतं, दुसरं काय करणार? बरगे राहिले. वर पाऊस लागला आणि खडशी आल्या. वाट बंद. त्या बंधाऱ्यावर धडका देत राहिल्या. लोकांना कळायला कितीसा वेळ लागतो? जाळी, पोती, अंगावरच्या चादरी घेऊन माणसं पाण्यात उतरली. रस्त्याच्या कडेला ढीग लावून विकली हो ती मासळी.

त्यातली एक आमच्याकडे आली. कुणा ठेकेदारानं साहेबांना भेट म्हणून पाठवली होती. आम्ही पडलो सीकेपी, माशाला नाही म्हणायची आमची जीभच नव्हे. मी विळीवर पोट उघडलं आणि अंडी बाहेर आली. पिवळी, साबुदाण्याएवढी. परात भरली तरी येतच होती. हे दारात उभे होते. म्हणाले, "मंदा, झाक ते."

त्या दिवसापासून ह्यांनी मासा खाल्लेला नाही. टिपणिसांच्या घरात! नात्यातल्या बायका मला विचारायच्या, कुठला महाराज केलाय का गं ह्यांनी? मी काय सांगणार होते? सकाळी नळाला पाणी येण्याआधी पाइपात हवा धडधडते ना, तुमच्याकडेही होत असेल, तर हे ताडकन उठून बसायचे. म्हणायचे, "आल्या." कादंबरीच्या लग्नात ढोल वाजायला लागला तसे मांडव सोडून बाहेर गेले. मी समजूत काढायची. आता खरं सांगू का, हल्ली मलाही तो आवाज येतो.

आणि कोंड? त्या वर्षानंतर एकही खडस वर आली नाही. माहेरची माणसं अजून नव्या जोडप्याला तिथे नेतात. मूद पाण्यात सोडतात. ती तळाशी जाऊन बसते, आणि वरून पांढरी दिसत राहते. मला भीती वाटते हो ते बघायची. आता मी कोंडावर जातच नाही.

तर आज सकाळी ह्यांची दाढी चालली होती, नवा सदरा पलंगावर काढून ठेवलेला, आणि बंधाऱ्यावरच्या धाकूचा फोन आला. "सायेब, खडशी आल्यात. भिंतीला आपटतान." अर्धी दाढी तशीच ठेवून हे निघाले. मी दार अडवलं. म्हटलं, पाणी चढतंय, अशात बरगे काढताना माणसं गेली आहेत, मला विधवा करायचंय का आज? तर म्हणाले, "मंदा, तेव्हा मी नोकरी सांभाळली. आज नाही सांभाळत." मग मीच बाजूला झाले. हॉलची काळजी करू नका म्हटलं, मी बघते. अध्यक्ष महोदय, म्हणून हे दोन शब्द इतके लांबले.

थांबा हं. फोन वाजतोय. मीच इतरांना गप्प केलं आणि मीच उचलतेय, पण आता राहवत नाही. माइकजवळच धरते.

बोल रे धाकू. हे कुठे आहेत?

"हायेत, वैनी. हातांना लागलाय, बाकी बरे हायेत. बरगे समदे निघाले. पानी मोकला झाला."

आणि खडशी? चढल्या का?

"येकलीच होती, वैनी. तीच सारखी आपटत होती. आमाला वाटला लय हायेत."

ऐकलंत ना सगळ्यांनी? एकच होती. चढली का रे ती?

"चढली. सायेब काठाला उभे हायेत, मागून दुसरी येत्ये का बघत. किती बोलावला, हलतच नाय."

उभे राहू दे त्यांना. ठेव तू.

अध्यक्ष महोदय, मान्यवर, आपण न उठता ऐकलंत, मी आभारी आहे. राकेश, तुझेही आभार, तुला हे कठीण गेलं असेल. वडे गार व्हायच्या आत सर्वांनी घ्यावेत. शाल आणि मानपत्र मी घरी नेईन. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल, आणि उद्या तुमच्या नळांना पाणी कमी येईल, ते तर होणारच आहे, त्याबद्दल मी हात जोडून तुमची माफी मागते. तुमची मागायला मी इथे आहे. तिची मागायला हे तिथे थांबलेत. नमस्कार.