पाइप धुण्याचे काम चालू आहे

खाली सही करणारी मी, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी, फळांच्या शीतगृहात पॅकिंग सुपरवायझर, राहणार कामगार वसाहत, दुसरा मजला, खोली क्र. १९, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

पॅकिंगच्या हॉलमध्ये माझ्या हाताखाली एकतीस बायका आहेत. त्यांत माझी धाकटी जाऊ आहे. तिला कामाला मीच लावले.

काल सकाळी ११.२० च्या सुमारास हॉलमध्ये उग्र वास आला व डोळे चुरचुरू लागले. मशीनरूमचा ऑपरेटर तोंडाला रुमाल लावून आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "अमोनियाचा व्हॉल्व्ह गळतोय. बंद होत नाहीये." मी मॅनेजर साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "उगाच घाबरवू नका सगळ्यांना. पाइप धुतायत म्हणून सांगा. दुपारी गाडी भरायचीय." मी बायकांना तसे सांगितले. माझा आवाज नेहमीसारखाच होता. जाऊने विचारले, "खरंच ना, ताई?" मी होकारार्थी मान हलवली. ती क्रेट आणायला तीन नंबरच्या थंड खोलीत गेली.

नंतर साधारण दहा मिनिटे मी लेबले तपासत होते. एकही लेबल मला वाचता येत नव्हते.

११.३५ वाजता दोघींना उलट्या झाल्या. मी टेबलावर चढून म्हणाले, "मघाशी मी खोटं बोलले. गॅस गळतोय. किती, ते मला माहीत नाही. ओलं फडकं नाकाला लावा आणि मागच्या दारानं निघा." कोणी हलले नाही. एक वयस्कर बाई म्हणाली, "आणि हे तरी खरं कशावरून?" मी टेबलावरून उतरून मागच्या दारात जाऊन उभी राहिले. मी म्हणाले, "मलाही भीती वाटतेय, मावशी. पण शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत मी दारातून हलणार नाही." तेव्हा ती उठली. तिच्यामागे बाकीच्या निघाल्या. चेंगराचेंगरी झाली नाही.

बाहेर कुंपणापाशी मी बायका मोजल्या. तीस भरल्या. पुन्हा मोजल्या. जाऊ हॉलमध्ये परत आली असेल असे मी धरून चालले होते. १२.०५ वाजता ऑपरेटरने मास्क लावून तिला उचलून बाहेर आणले.

आपण विचारल्यावरून सांगते की, साहेबांनी मला धमकी दिली नव्हती. कामावरून काढतो असेही ते म्हणाले नव्हते. मी नाही म्हणू शकले असते.

जाऊ दवाखान्यात आहे. मी अजून तिला भेटायला गेलेले नाही. आज सकाळी दिराचा फोन आला. तो म्हणाला, "शुद्धीवर आलीय. घशात नळी आहे, बोलता येत नाही. कागदावर लिहून विचारतेय, ताई सुखरूप आहे ना." मी फोन ठेवला.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरवला आहे. त्यात खोडण्यासारखे काही नाही.